रॅम्प तुटलाच नव्हता

वेल्डिंगच्या दुकानात शहाणा माणूस सहसा येत नाही. शहाणा माणूस तयार वस्तू विकत आणतो. आमच्याकडे दोनच जातीचे लोक येतात. एक, ज्यांचं काही तुटलं आहे ते. दुसरे, ज्यांच्या डोक्यात काहीतरी शिजलं आहे ते. पहिल्यांचं काम सोपं असतं. दुसऱ्यांनी माझी पस्तीस वर्षं खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, तीच वर्षं मजेत गेली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, गल्लीच्या पार आत आमचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. एकदा जठारपेठेतले एक गृहस्थ फाटक बनवायला आले. मोजमाप झालं, डिझाइन ठरलं, जाता जाता म्हणतात, "मिस्त्री, याले आवाज आला पायजे."

मी म्हटलं, "लोकं आवाज बंद करा म्हणून येतात, अन् तुमाले पायजे?"

"पोरगा कवा येते, कवा जाते, समजतच नाई. फाटक कुरकुरलं का समजंन."

मी बिजागरी जरा तिरपी बसवली. असं कुरकुरायचं की चार घरांना ऐकू जावं. पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ तोंड पाडून हजर. म्हणाले, "सरळ करून द्या बाप्पा. पोराचं राह्यलं बाजूले, माह्यंच येनंजानं घरात समजून राह्यलं."

असल्या गोष्टी माझ्याकडे पोतंभर आहेत. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर त्याच लिहायच्या असं ठरवून बसलो होतो. पण कागद पुढे घेतला की मला त्या दोन रॅम्पचंच आठवतं. ती गोष्ट मजेची नाही. शिवाय ती मला अजून पुरती समजलेली नाही, म्हणून लिहून पाहतो. भाषा मधेच वऱ्हाडावर गेली तर जाऊ द्या.

संक्रांत होऊन गेली होती. पातूर रोडवरच्या एका गावातले गजाननराव दुकानात आले. साठीचे, धोतर नाही, पँट आणि वर मफलर. बरोबर त्यांची सून. अश्विनी. मला वाटलं गजाननराव बोलतील आणि सून मागे उभी राहील. झालं उलटं. गजाननराव स्टुलावर बसले आणि सुनेने खिशातला मोजायचा टेप काढला. तिच्या ड्रेसला खिसा होता, त्यात टेप होता. मला तेव्हाच ती आवडली.

"काका, आमाले रॅम्प बनवाचे हाये. दोन. ट्रॉलीवर मिनी ट्रॅक्टर चढवाले."

वाचणाऱ्यांपैकी सगळेच शेतकरी नसतील म्हणून सांगतो. यांची लिंबाची बाग. लिंबाच्या झाडाखाली मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, फांद्या ओरबाडून काढतो. त्यासाठी बुटका, अरुंद मिनी ट्रॅक्टर असतो. अश्विनीचं माहेर मोर्शीचं, संत्र्याच्या बागेतलं. तिथे ती लहानपणापासून तो चालवायची. लग्न होऊन आल्यावर तिने हट्ट करून सासरीही एक घ्यायला लावला आणि स्वतःच चालवायला लागली. वखरणी, फवारणी, सगळं. मग शेजारच्या बागांतून बोलावणी यायला लागली. "अश्विनीताई, आमच्या बागेत चक्कर मारता काय?" आता पाच-सात कोसांवरच्या बागेत बुटका ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून नेला तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो आणि चाकं झिजतात ती वेगळी. म्हणून मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मिनी ट्रॅक्टर घालून न्यायचा. घालायला हे रॅम्प. म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या काठाला टेकवायच्या दोन लोखंडी पाट्या, एकेका चाकाला एकेक.

"तयार भेटतात," मी म्हटलं.

"पाह्यले. बारीक हाये. मले भरोसा वाटत नाई. तुमी भंगारातून जाड बनवून द्या."

भंगारातून जाड! हे वाक्य ऐकलं की माझ्यासारख्याला दुसरं काही लागत नाही. नव्या लोखंडाचं काम कोणीही करतो. भंगारातून करायचं तर लोखंड ओळखावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी रशीदभाईंच्या भंगाराच्या वाड्यात गेलो. रशीदभाई माझ्याच वयाचे. माझी चाहूल लागली की चांगला माल पोत्याखाली लपवतात आणि मग मीच तो शोधून काढावा अशी त्यांची अपेक्षा असते. एका जुन्या ट्रकच्या चेसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, पन्हळीसारखं जाड चॅनेल सापडलं. हातोडी मारली, आवाज स्वच्छ आला. आतून गंजलेलं लोखंड भदभद वाजतं. आडव्या पट्ट्यांना सळ्या घेतल्या. राहिले हूक, म्हणजे रॅम्पचं वरचं टोक ट्रॉलीच्या काठावरच्या पाइपाला अडकवायला लागतात ते. त्यासाठी मी ट्रकच्या पाट्याचा तुकडा उचलला, चाकावर कमानीसारखा असतो तो.

"मिस्त्री, पाटा मत लो," रशीदभाई म्हणाले. "कडक माल है. वेल्डिंग में फटता है."

बरोबर होतं त्यांचं. ग्राइंडरला लावून पाहा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या सरळ लांब जातात, पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या. असला माल वेल्डिंग करून तसाच थंड होऊ दिला की आतल्या आत तडकतो. वरून टाका सुंदर दिसतो आणि आत चीर असते. पण मला याची रीत माहीत आहे. आधी पाटा तापवायचा, मग टाका मारायचा, मग कोरड्या राखेत पुरून दिवसभर हळूहळू निववायचा. मी म्हटलं, "रशीदभाई, तुमच्या बापानं नाही शिकवलं ते माझ्या उस्तादानं शिकवलं." असा माज असतो माणसाला.

ट्रॉलीचा काठ तीन फूट उंच. उंचीच्या तिप्पट लांबी ठेवली की चढ सोसण्यासारखा होतो, म्हणून रॅम्प नऊ फुटी. सळ्या एकेक वितीवर. वजन इतकंच की दोघांनी एक उचलावा. हूक राखेतून काढले तेव्हा मी ते हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिले. वर्षभरापूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुण्यातला मुलगा रोज फोनवर म्हणायचा, "बाबा, आता पुरे, वेल्डिंगच्या काळ्या काचेमागून दिसतं तरी का तुम्हाला?" म्हणून हे काम मला जास्तच नीट करायचं होतं.

मग चाचणीचा दिवस. अश्विनीचा नवरा नितीन मोठा ट्रॅक्टर आणि मागे ट्रॉली घेऊन आला. मागून अश्विनी मिनी ट्रॅक्टरवर. आमच्या गल्लीच्या वळणावर मोठा ट्रॅक्टर अडकला. वळेचना. शेवटी नितीनने ट्रॉली सोडवली आणि ट्रॅक्टर रस्त्यावर उभा केला. गल्लीतल्या लोकांनी ट्रॉली ढकलत दुकानासमोर आणली. या ट्रॉलीला दोनच चाकं असतात, मधल्या अंगाला, आणि पुढे टेकायला एक लोखंडी पाय. ट्रॅक्टर नसला की ट्रॉली त्या पायावर पुढे टेकून उभी राहते.

जुन्या शहरात बाई ट्रॅक्टर चढवणार म्हटल्यावर काय विचारता! पानवाला आला, शिंपी आला, न्हाव्याकडचं गिऱ्हाईक गळ्यात पांढरं कापड आणि अर्ध्या गालावर साबण घेऊन आलं. गल्लीत उभं राहायला जागा नाही, म्हणून सगळे ट्रॉलीतच चढले आणि पुढच्या फळीला पाठ लावून बसले. आमची शांता, म्हणजे माझी बायको, घरातून चहा घेऊन आली. तो वरच पोचवला.

अश्विनीने ओढणी कमरेला बांधली आणि पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर घातला. वर गेला. वरची मंडळी पाय आखडून ओरडली, "बस बस बस! अंगावर आनतं काय माय!" उतरवला. पुन्हा चढवला. तीनदा. रॅम्प बोटभरही हलला नाही. टाळ्या पडल्या. अर्ध्या दाढीवाल्याने माझ्याशी हात मिळवला. मी छाती फुगवून म्हटलं, "याच्यावरून ट्रक न्या."

आठ-नऊ दिवसांनी दुपारी नितीनचा फोन आला.

"काका, रॅम्प तुटला. बाबाच्या पायावर पडला."

पहिलं काय मनात आलं ते सांगतो. गजाननरावांचा पाय नाही आला मनात. हूक आले. पाटा तडकला. रशीदभाई बरोबर म्हणत होते, मुलगा बरोबर म्हणत होता, माझा डोळा गेला, हात गेला, संपलं.

त्यांना अकोल्यातच दवाखान्यात आणलं होतं. मी पोचलो तेव्हा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर झालं होतं. गजाननराव मलाच धीर द्यायला लागले, "काही नाई हो, दोन महिन्याचं काम हाय." पलीकडे अश्विनी उभी, हातात थर्मास. तो तिने कुठे ठेवलाच नव्हता.

मी विचारलं, "हूक तुटला का?"

नितीन म्हणाला, "मी नोतो तिथं."

"मले नाई मालूम," गजाननराव म्हणाले. "मी मांगं उभा होतो, अश्विनीले हात दाखवून राह्यलो होतो, येऊ दे, येऊ दे. पुढचे चाक वर गेले. मंग एकदम ट्रॅक्टर मांगं आला, रॅम्प निसटला, अन् माह्या पायावर. धूळच धूळ. ट्रॉली तं जागच्या जागीच उभी हाये."

जागच्या जागी उभी. रॅम्प तुटला नाही, निसटला. ट्रॅक्टर एकदम मागे आला. माझ्या डोक्यात विचारांची झिम्मड उडाली, आणि त्यातून मला जे सोयीचं होतं ते तोंडातून निघालं.

"क्लच सुटला असंन झटक्यानं."

एवढंच. मी ते कुणावर आरोप म्हणून बोललो नव्हतो, तसं स्वतःला तेव्हा समजावलं. पण सगळ्यांनी ते वाक्य झेललं. नितीन म्हणाला, "हो, तसंच असंन." नितीनची आत्या कोपऱ्यात बसली होती, ती म्हणाली, "मी तं पह्यलेच म्हनलं होतं, बाईच्या जातीनं..." पुढचं वाक्य तिने पुरं करायची गरज नव्हती. अश्विनीने मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिलं. मी तेव्हा ते पाहिलं आणि डोळे दुसरीकडे वळवले.

चौथ्या दिवशी नितीनने रॅम्प माझ्याकडे आणून टाकले. मी दार लावून घेतलं आणि तपासायला बसलो. हातोडीने वाजवले, आवाज स्वच्छ. मग रॉकेलची युक्ती केली. सांध्याच्या एका बाजूने रॉकेल लावायचं, दुसऱ्या बाजूला खडू फासायचा. केसाएवढी चीर असली तरी रॉकेल झिरपतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. तासभर वाट पाहिली. खडू पांढराच्या पांढरा. रॅम्प ओट्याला लावून रशीदभाईंच्या वाड्यातलं सगळं वजन त्यावर चढवलं. बोटभर वाकला, वजन काढल्यावर सरळ झाला.

मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. माझा टाका शाबूत होता. मी मुलाला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग जेवायला बसलो आणि हिशेब जुळेना. क्लच झटक्याने सुटून इंजिन बंद पडलं असेल तर ट्रॅक्टर मागे येईल, ठीक. पण हूक कसे निसटतील? ट्रॅक्टरचं वजन तर हुकांना खालीच दाबून ठेवतं. वर उचलल्याशिवाय हूक निघतच नाहीत. उचलले कोणी? भुतानं?

तीन आठवडे ते डोक्यात घोळवलं आणि मग मी त्यांच्या गावाला गेलो. ट्रॉली बागेच्या तोंडाशी उभी होती, पुढे आपल्या पायावर टेकून, साळसूद. काठावरचा पाइप सरळ. कुठे ओरखडा नाही. मी खाली वाकून पाहिलं, वर चढून पाहिलं, चारी बाजूंनी फिरलो. गावातले लोक जमले आणि प्रत्येकाने आपापलं शास्त्र सांगितलं. एक म्हणाला, जमीन खचली. दुसरा म्हणाला, पाइपाले ग्रीस लागेल होतं. तिसऱ्याने विचारलं, "अमावस्या होती काय त्या दिवशी?" मी त्याच्यावर खेकसलो. मी असल्या गोष्टी मानत नाही, आमच्या घरात कोणी मानत नाही. पण परतताना एसटीत बसून मीच बोटं मोजत होतो, त्या दिवशी तिथी कोणती होती म्हणून. इतका माझा गोंधळ झाला होता.

मिनी ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकलेली होती. किल्ली नितीनच्या खिशात. मी विचारलं, "अश्विनी कुठी हाये?"

"मोर्शीले गेली," गजाननराव खाटेवरून म्हणाले. "म्हने, मी आता ट्रॅक्टरले हात लावत नाई. तुमचा पाय माह्यामुळं मोडला, म्हने. तीन आठवडे झाले. फोन केला का हो-नाई करते, येत काई नाई." मग आवाज खाली करून म्हणाले, "मिस्त्री, ती गेल्यापासून घरात चार शब्द कोनी बोलत नाई पाहा."

आता मात्र माझी झोप उडाली. टाका शाबूत, मग मला काय करायचं होतं? पण ते हूक डोक्यातून जाईनात. दुकानात काम करताना मी चुकीच्या जागी भोकं पाडायला लागलो. एका बाईंच्या कूलरच्या स्टँडचा एक पाय आखूड झाला, त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

एका दुपारी शांता भुईमुगाच्या शेंगा सोलत होती आणि मी तिच्यासमोर तीच टकळी लावून बसलो होतो. हूक वर कसे उचलले गेले. ती वैतागली.

"काहून डोकं खाऊन राह्यले? ट्रॉलीले ट्रॅक्टर लावेल होता का?"

"नाही. नितीन दुसरीकडं घेऊन गेला होता."

"मंग उलाळ झाली असंन," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

शांता दर्यापूरकडच्या खेड्यातली. तिच्या बापाची बैलगाडी होती. दोन चाकांच्या गाडीत मागे जास्त वजन पडलं की गाडी मागे बसते आणि पुढून वर उठते, बैलांच्या मानेवरचं जू उचललं जातं. त्याला उलाळ म्हणतात. हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं ट्रॉलीच्या मागच्या काठावर आली, काठ खाली बसला, ट्रॉलीचं तोंड वर गेलं, काठ फिरला तसे हूक सुटले. ट्रॅक्टर मागे घसरला, वजन गेलं, ट्रॉली पुन्हा धप्पकन आपल्या पायावर येऊन उभी. साळसूद. धुळीत कोणाला दिसणार? सगळे चाकांकडे पाहत होते.

पण मी हार मानणारा नव्हतो. "आपल्याइथं बी ट्रॅक्टर लावेल नव्हता. तीनदा चढवला. तवा काहून नाही झाली उलाळ?"

शांताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नऊ महिन्यांचा असावा.

"त्या दिवशी मी चहाचे नऊ कप ट्रॉलीत वर देल्ले. पुढच्या फळीपाशी. नऊ मानसं बसेल होते तिथं, त्यातला पानवाला एकटाच क्विंटलाचा. मंग कशी होईन उलाळ?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिनाभर मी खडू आणि रॉकेल घेऊन लोखंडाला विचारत बसलो होतो आणि उत्तर माझ्याच घरात शेंगा सोलत होतं.

रॅम्प चांगला होता म्हणून तीनदा ट्रॅक्टर चढला, असं मी समजलो. तो तमाशा पाहायला बसलेल्या लोकांच्या वजनावर चढला होता. आमच्या गल्लीत कोणतंही काम माणसांच्या गराड्याशिवाय होत नाही, त्यामुळे गराडा मला दिसतच नाही. बागेत गराडा नव्हता. एक सासरा आणि एक सून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी त्यांच्या गावी. पाच-सहा धडधाकट माणसं गोळा केली आणि त्यांना ट्रॉलीच्या मागच्या काठावर एकदम उभं केलं. ट्रॉलीचं तोंड वर उचललं गेलं, पुढचा पाय हवेत. त्यांना खाली उड्या मारायला सांगितल्या. ट्रॉली धप्प करून खाली, जिथे होती तिथेच. मी नितीनकडे पाहिलं. तो ट्रॉलीकडे पाहत होता.

"ट्रॅक्टर काहून सोडला होता बाबा तू?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो त्याच्यावर काढायचा होता.

उत्तर गजाननरावांनी दिलं. ते कुबडीवर दारात उभे होते. "मिस्त्री, तुमच्या दुकानात ट्रॉली बिना ट्रॅक्टरचीच होती. तीनदा चढवला तुमी. आमाले वाटलं, तसंच करा लागते."

ट्रॅक्टर गल्लीत शिरला नाही म्हणून सोडला होता, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. नेहमी ट्रॅक्टर जोडूनच चढवा, आणि नसलाच तर मागच्या काठाखाली दोन टेकू द्या, एवढी दोन वाक्यं. मी त्याऐवजी ट्रकच्या गप्पा मारल्या.

टेकू मी त्याच आठवड्यात बनवले. पाइपात पाइप, खाली तव्यासारखी चकती, मधे उंची धरायला पिन. अर्ध्या दिवसाचं काम. सुरुवातीलाच बनवले असते तर हा लेख त्या फाटकवाल्यावर झाला असता.

पुढचं सगळं नीट झालं हे आधीच सांगून टाकतो, उगाच जिवाला घोर नको. अश्विनी परत आली. नितीन स्वतः आणायला गेला होता. गजाननरावांचा पाय पाऊसकाळापर्यंत चालता झाला. आत्याबाई मात्र अजून क्लचच म्हणतात. ट्रॅक्टर पुन्हा बागांमधून फिरतो आणि तीच फिरवते. सगळं नीट झालं. पण नितीन जायच्या आधी मी एकटा मोर्शीला गेलो होतो, ते राहिलं.

नितीन म्हणाला होता, फोनवर सांगून टाका. मला ते बरं वाटलं नाही. दवाखान्यात मी तिच्या तोंडावर बोललो होतो. अमरावतीला एसटी बदलून दुपारी पोचलो. अंगणात संत्र्यांचा ढीग पडला होता आणि चार-पाच बाया मोठी-लहान वेगळी करत होत्या. त्यांत अश्विनी. मला पाहून उठली, पाणी आणलं, पुन्हा ढिगापाशी बसली. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. खडू, रॉकेल, उलाळ, नऊ कप. हात हलवून ट्रॉली कशी उठली ते दाखवलं. म्हटलं, "पोरी, तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती. अन् ते क्लचचं मी जे बोललो ते माझ्या टाक्याले वाचवाले बोललो."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल. चिडली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ती हातातलं संत्रं फिरवत राहिली.

"काका," ती म्हणाली, "पह्यल्या दिवशी मले पक्कं मालूम होतं का माहा पाय क्लचवरून हालला नाई. मी घरच्यायले सांगतलं बी. मंग दवाखान्यात तुमी म्हनलं. तुमी मिस्त्री. मले वाटलं, तुमाले समजते, सुटला असंन. मंग रोज रात्री आठवून पाह्यलं. पह्यले काही आठवे नाई. मंग आठ-दहा दिवसानं आठवाले लागलं. पाय उचलेल दिसते मले. झटक्यानं. असा." तिने बसल्या बसल्या डावा पाय उचलून दाखवला. "आताबी दिसून राह्यला. तुमी म्हनता, नाई उचलला. मंग हे जे मले दिसते, ते काय हाये?"

लोखंडात चीर आहे की नाही ते मला सांगता येतं. हे सांगता येईना. शेजारच्या बायांनी हात थांबवले होते. मी म्हणालो, "तुझा पाय जागेवरच होता."

ती पायाकडे पाहत होती.

"जागेवरच होता, पोरी," मी पुन्हा म्हणालो. शेवटची एसटी निघायची वेळ होईपर्यंत मी तेवढंच म्हणत राहिलो, आणि ती दर वेळी मान हलवून हो म्हणत होती. मला ऐकून बरं वाटावं म्हणून म्हणत होती, एवढं मला दिसत होतं.